सतरा पाकळ्यांची जास्वंद

सिस्टर, आज दुपारी मी कपाटावर ठेवलेली एका मुलीच्या चित्राची गुंडाळी खाली काढली, धूळ झटकून ती उलगडली, आणि मला तुमचा राग आला. चित्र बकरीच्या पोटाचं आहे. तुमचा त्याच्याशी काही संबंध नाही. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली आणि ती मुलगी जेमतेम बारा वर्षांची आहे. तरी राग तुमचाच आला. साठी उलटलेल्या बाईने आपल्या शाळेतल्या टीचरवर रागवावं हे हसण्यासारखं आहे, पण मला हसू येत नाही. तुमच्या हाताखाली मी जे शिकले तेच मी त्या मुलीला शिकवलं, आणि नेमकं तेच मला कधी कुणाला शिकवायचं नव्हतं.

नांदेडची आपली ती प्रयोगशाळा मला अजून वासाने आठवते. फॉर्मॅलिनचा वास, ओल्या फळ्याचा वास, आणि मागच्या खिडकीतून येणारा तुम्हा सिस्टर्सच्या स्वयंपाकघरातला खोबरेल तेलाच्या फोडणीचा वास, जो आमच्यापैकी कुणाच्याच घरी येत नसे. मी लोह्याच्या कापडदुकानदाराची मुलगी. मुलीने फाडफाड इंग्रजी बोलावं ही वडिलांची हौस, म्हणून मला मावशीकडे नांदेडला ठेवलेलं. तुम्ही केरळातून आलेल्या. वर्गात इंग्रजी बोलायचात, पण रागावलात की मराठीवर यायचात, आणि तुमच्या मराठीत सगळ्या वस्तू पुरुष असायच्या. तो वही, तो पेन्सिल, तो फूल. आम्ही बाकाखाली तोंड लपवून हसायचो. तुमच्या जर्नलचे नियम मात्र हसण्यासारखे नव्हते. आकृती डावीकडच्या कोऱ्या पानावर. एचबी पेन्सिल. रंग नाही, छाया नाही. नावांच्या रेघा पट्टीने मारायच्या आणि सगळी नावं उजव्या बाजूला, एकाखाली एक, जणू त्या बिचाऱ्या फुलाची हजेरी घ्यायची आहे.

त्या दिवशी प्रत्येकीने घरून जास्वंद आणायची होती. मावशीच्या अंगणातली जास्वंद दुहेरी होती. गच्च, लाल, कोबीच्या लहान गड्ड्यासारखी. मी ती ट्रेमध्ये ठेवते, सुईने एकेक पाकळी बाजूला करते आणि मोजते. सतरा. आतल्या पाकळ्या लहान, चुरगळलेल्या, आणि त्यातल्या काहींच्या कडेला परागांची पिवळी पिशवी चिकटलेली. मला वाटलं, मी काहीतरी शोधून काढलंय. शेजारच्या मुली पुस्तकातली पाच पाकळ्यांची जास्वंद उतरवत होत्या, आणलेली फुलं त्यांनी केसांत खोचली होती. मी माझं फूल काढलं, सतराच्या सतरा पाकळ्यांसकट, आणि नियम मोडून त्याला लाल रंगही दिला. तुम्ही आलात. "हा काय आहे?" मी म्हणाले, "जास्वंद, सिस्टर." तुम्ही म्हणालात, "पुस्तकात पाच आहे." मी फूल हातात धरून वर केलं आणि म्हणाले, "पण सिस्टर, हे फूल असंच आहे." तुम्ही फुलाकडे पाहिलंत. चष्मा वर सरकवून नीट पाहिलंत, हे मी आजही शपथेवर सांगेन. आणि मग म्हणालात, "मग तुझा फूल चूक आहे." सगळा वर्ग हसला. तुम्ही लाल पेनने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारलीत, आणि पान फाडलंत. पुढच्या तासाला मी पाच पाकळ्यांची जास्वंद काढून दिली. दहापैकी दहा.

कॉलेजात गेल्यावर मला कळलं की दुहेरी जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या होतात. म्हणून ती पिवळी पिशवी. एका वाक्याची गोष्ट होती, सिस्टर. तुम्ही एम.एस्सी. झालेल्या होतात, तुम्हाला हे माहीत नसणं शक्य नाही. बोर्डाच्या परीक्षकाला पाच पाकळ्या हव्या असतात, मुलीचे मार्क जाऊ नयेत, असा काही विचार तुम्ही केला असणार. इतक्या वर्षांत मी तुमच्या वतीने हा युक्तिवाद पुष्कळदा करून पाहिला आहे. पण परीक्षेसाठी पाच काढ, असं तुम्ही म्हणाला नाहीत. फूल चूक आहे, असं म्हणालात. चौदा वर्षांच्या मुलीला सांगितलंत की तुझ्या हातात आहे ते खोटं आणि छापलेलं आहे ते खरं. मी ते इतकं नीट शिकले की त्यानंतर कित्येक वर्षं मी फुलाकडे पाहायच्या आधी पुस्तकाकडे पाहत असे.

तुम्ही नुसत्याच कठोर असतात तर बरं झालं असतं, मला सरळ रागावता आलं असतं. पण ती श्रावणी सोमवारची सकाळ मध्ये येते. माझा कडक उपास, प्रार्थनेच्या रांगेत मला चक्कर आली, आणि तुम्ही मला धरून तुमच्या स्वयंपाकघरात नेलंत. मी त्याआधी कधी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. ओट्यावर मासे होते, चिरून हळद लावलेले. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे तुम्ही पाहिलंत. मोठी परात घेऊन मासे झाकलेत, खिडकी उघडलीत, हात साबणाने दोनदा धुतलेत आणि मग मला तांदळाची पेज दिलीत, वर मीठ. तुमच्या गळ्यात क्रॉस, माझ्या गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, आणि मध्ये ती वाफाळती वाटी. सोमवार मोडून मी ती पेज प्यायले. घरी कधीच सांगितलं नाही. तितकी गोड पेज मला पुन्हा मिळाली नाही. आणि शेवटच्या वर्षी, निरोपाच्या दिवशी, सगळ्या मुलींना तुम्ही प्रार्थनेची छोटी कार्डं वाटलीत आणि मला एकटीला खाकी कागदात गुंडाळलेलं भिंग दिलंत, काळ्या मुठीचं. "नीट बघ," म्हणालात. मला तेव्हा रडू आलं होतं. आता वाटतं, डोळे काढून घेतल्यावर चष्मा द्यावा तसं ते झालं.

लग्न होऊन मी लातूरला आले आणि एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. या गावात गल्लीगल्लीत क्लासचे बोर्ड आहेत, त्यांवर पांढरा कोट घातलेल्या मुलांचे फोटो, कुणाला किती मार्क पडले ते. तीस वर्षं मीही तेच केलं. पट्टीने रेघा, उजवीकडे नावं. माझ्या वर्गाचा निकाल चांगला लागायचा. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता तरी. घराजवळच्या एका लहान शाळेत मी दर शनिवारी एक तास मागून घेतला. पाचवी-सहावीच्या मुलांना चित्रांतून शरीर शिकवायचं, झाडं शिकवायची, मार्क नाहीत आणि परीक्षा नाही. एका आईने मला फाटकातच विचारलं, "चित्रं काढून डॉक्टर होतंय का मॅडम कुणी?" मी म्हटलं, "डॉक्टर व्हायच्या आधी पोट कुठं असतं ते तर कळेल." तीही हसली, मीही हसले. अजून सगळं ठीक होतं तेव्हा.

मुलं जुन्या कॅलेंडरांच्या पाठीमागच्या बाजू चिकटवून मोठा कागद करायची, एकजण त्यावर आडवा व्हायचा, बाकीचे त्याच्याभोवती खडूने रेघ फिरवायचे. मग त्या रिकाम्या माणसात काय काय भरायचं ते त्यांनी ठरवायचं. मी काहीच सांगायची नाही. एक मुलगा विचारतो, "टीचर, फुप्फुसं दप्तरासारखी काढू का, पाठीला लावून?" दुसरा लगेच, "काढ की. तुझं दप्तर तसंबी हवेनंच भरल्यालं अस्तंय." एका मुलीने पोटात दोन टाक्या काढल्या, चहाची वेगळी आणि पाण्याची वेगळी. का गं, म्हटलं, तर म्हणते, "आमच्या घरी टँकरचं अन् बोरचं येगळंच ठिवतेत." मी तिला चूक म्हटलं नाही. म्हटलं, चहा प्यायल्यावर आणि पाणी प्यायल्यावर पोटाला हात लावून बघ, वेगवेगळ्या जागी कळतं का. ओल्या फडक्यात मटकी बांधायची आणि रोज मोड काढायचा, जसा असेल तसा, वाकडा तर वाकडा. तुमचं भिंग मी त्यांच्या हातात दिलं होतं. ते या हातातून त्या हातात फिरायचं, त्यावर त्यांच्या बोटांचे तेलकट ठसे, आणि मला दर शनिवारी वाटायचं, सिस्टर, मी तुमच्यावर मात केली.

ती मुलगी शेवटच्या रांगेत बसायची. बोलायची कमी. तिच्या वडिलांचं मटणाचं दुकान आहे. हे मला बाकीच्या मुलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आपल्याकडे सांगतात तसं, विचारलेलं नसताना. एका शनिवारी मी म्हटलं, तुम्ही रोज बघता असा एखादा प्राणी घ्या, त्याने खाल्लेलं पोटात कुठून कुठे जातं ते काढा. कुणी म्हैस काढली, कुणी कुत्रा. सगळ्यांच्या तोंडापासून शेपटीपर्यंत एक सरळ पाइप. तिने बकरी काढली होती, आणि बकरीच्या आत एकमेकांना जोडलेल्या चार खोल्या. पहिली खोली मोठी, ठिपक्याठिपक्यांनी भरलेली. मी विचारलं, "हे ठिपके काय गं?"

"टॉवेल, टीचर."

"पोटात टॉवेल?"

"हाव. अब्बा धोते तो टॉवेल जैसाच दिखता. इसमें चारा रहता, बिना चबाएला. फिर ये, शहद का छत्ता. फिर ये किताब, पन्नेच पन्ने. अम्मी को सबसे जास्ती टाइम किताब धोने को लगता. अन् ये आखरी वाला चिकना."

पुढच्या बाकावरचा मुलगा वळून म्हणाला, "बकरीच्या पोटात पुस्तक! तरीच बकरी पास अन् तू नापास." तीही हसली. ओढणीचं टोक तोंडावर धरून हसली.

घरी येऊन मी माझं कॉलेजचं प्राणिशास्त्राचं पुस्तक काढलं. रवंथ करणाऱ्या प्राण्याचं जठर, चार कप्पे. पहिल्याला आतून दाट लव, दुसऱ्याला मधाच्या पोळ्यासारख्या सहा कोनांच्या चौकटी, तिसऱ्यात पुस्तकाच्या पानांसारखे पडदे, चौथा गुळगुळीत. क्रम बरोबर, जोडणी बरोबर. पुस्तकातल्या आकृतीत पडदे पाच-सहा दाखवले होते. तिने कागद पुरला तितके काढले होते. पन्नेच पन्ने. तीस वर्षं मी ही आकृती फळ्यावर काढत आले, आणि मला ती पहिल्यांदा दिसली. सोमवारी शाळेत जाऊन मी स्वतः ते चित्र व्हरांड्यातल्या फलकावर लावलं, बरोबर मधोमध, चारी कोपऱ्यांना चार पिना.

गुरुवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. भला माणूस आहे. आधी चहा मागवला. मग म्हणाले, "मॅडम, ते बकरीचं चित्र. चित्र लई भारी हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण पालक ग्रुपवर बोलून राहिले. शाळेच्या भिंतीवर खाटकाचं दुकान कशाला, म्हणून राहिले."

मी म्हटलं, "सर, ते जीवशास्त्र आहे. चारही कप्पे बरोबर आहेत."

"मला कळतंय की. मी बी सायन्सचाच हाव. पण बकरी काढायचीच तर चरताना काढा ना. बाहेरून." मग त्यांनी आवाज खाली आणला. "अन् तुम्हाला काय सांगायचं मॅडम. तुम्ही तर आपल्यातल्याच."

मी आपल्यातलीच आहे, सिस्टर. गळ्यात लिंग, घरी सोमवार, कांदासुद्धा कधीकधी वर्ज्य. मी त्यांना म्हणू शकले असते की शरीर बाहेरून शिकवता येत नाही. म्हणू शकले असते की या शाळेत ज्या मुलीने सगळ्यांत नीट पाहिलं तिलाच तुम्ही पाहू नको म्हणताय. चित्र काढून टाका असं त्यांनी सांगितलंही नव्हतं. "बघा तुम्ही कसं करायचं ते," इतकंच म्हणाले होते. मी चहा संपवला. शुक्रवारी दुपारी, मुलं घरी गेल्यावर, चारी पिना उपटल्या, पर्समध्ये टाकल्या आणि चित्राची गुंडाळी केली. तुम्हाला खोटं सांगून आता काय मिळवायचं आहे? मला हलकं वाटलं. ज्या संध्याकाळी मी चित्र पुस्तकाशी ताडून पाहिलं त्याच संध्याकाळी मला जेवण गेलं नव्हतं. ते ठिपके, तो टॉवेल, ती धुणारी आई डोळ्यांपुढून हलेना. मला त्या मुलीचं कौतुक होतं आणि तिच्या चित्राची किळसही होती. तक्रार पालकांची होती, पण ती आली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. तुम्ही माझ्यासाठी मासे झाकले होते. मी माझ्यासाठीच ती बकरी झाकली.

इथपर्यंत भित्रेपणा झाला, आणि भित्रेपणा पुष्कळ जण करतात. पुढचं मात्र तुमच्याकडून आलेलं आहे. दुसऱ्या दिवशी ती आली. वर्गात शिरायच्या आधी फलकापाशी थांबली. मधोमध चौकोनी रिकामी जागा आणि चार भोकं.

"टीचर, मेरा चित्र?"

"काढून ठेवलंय."

"कायकू?"

मी खरं सांगू शकत होते. ती काही पाच वर्षांची नव्हती, आणि असली कारणं तिच्या घरी नवीनही नसतील. मला ते जमलं नाही, आणि माझ्या तोंडून निघालं, "चूक होती गं त्यात."

"कौनसी?"

सिस्टर, चूक नव्हतीच, तर सांगू काय. आणि मग जिभेवर तुमचं वाक्य आलं, जसंच्या तसं. "नावं उजव्या बाजूला लिहायची असतात. एकाखाली एक. तू चारी बाजूंनी लिहिलीस."

तिने मान हलवली, समजल्यासारखी. मग हळूच विचारलं, "अन् किताब? वो भी चूक थी क्या?"

मी म्हटलं, "ते नंतर बघू." आणि हजेरी घ्यायला लागले.

ती यायची बंद झाली असती तर मला वाईट वाटलं असतं आणि मी विसरले असते. ती बंद झाली नाही. पुढच्या शनिवारी तिने नवं चित्र आणलं. माणसाची पचनसंस्था, पाठ्यपुस्तकातली. एचबी पेन्सिल, पट्टीच्या रेघा, सगळी नावं उजवीकडे. एकही ठिपका नाही, रंग नाही. माझ्यापुढे धरून म्हणाली, "अब बरोबर है?" आणि मी त्यावर "छान" लिहिलं. लाल पेनने लिहिलं, माझ्याजवळ दुसरा नव्हता. त्यानंतर मटकीचा मोड काढायचा होता. तिच्या मटकीला मजेदार मोड आला होता, गोल फिरून स्वतःच्याच पोटाला चिकटलेला. भिंग बाजूला पडलेलं, मटकी बाजूला पडलेली, आणि ती दप्तरातून पुस्तक काढून त्यातला सरळ मोड उतरवत होती. मी तिच्या मागे उभी होते. एक शब्द बोलायचा होता. बोलले नाही. फार सुबक काढते ती. तिच्या आईने मला निरोप पाठवला आहे की मुलीचा हात सुधारला, टीचरची मेहरबानी.

आज हे सगळं तुमच्या नावावर टाकायचं म्हणून लिहायला बसले. शिक्षकांच्या शिबिरांत मला बोलवायचे तेव्हा मी दरवेळी तुमची गोष्ट सांगायची. सतरा पाकळ्या, तुझा फूल चूक आहे, आणि सिस्टरनी पान टरकन फाडलं. त्या ‘टरकन’वर लोक हळहळायचे. वरतीही मी तसंच लिहिलंय, आता बघितलं. इतक्या वेळा सांगितलं की हात आपोआप तसा चालतो. पण तुम्ही पान फाडलं नव्हतं, सिस्टर. तुम्ही फक्त रेघ मारून पुढच्या बाकाकडे गेलात. फाडलं मी. रेघ मारलेलं पान जर्नलमध्ये दिसू नये म्हणून, शिवणीपाशी पट्टी धरून, अगदी स्वच्छ. ते ठेवायला मला कुणी मनाई केली नव्हती. ते मी ठेवलं असतं तर माझ्याजवळ सतरा पाकळ्यांची एक जास्वंद असती, लाल रेघेसकट, आणि त्या मुलीला दाखवायला काहीतरी असतं.

पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. बकरी समोर उलगडलेली आहे, कोपरे दाबायला एकीकडे भिंग ठेवलंय, दुसरीकडे चष्म्याची डबी. किताबीची पानं आज मी मोजली. एकतीस आहेत. उद्या शनिवार. चित्राच्या चारी पिना माझ्या पर्समध्ये आहेत. तीन शनिवार झाले, मी त्या दर वेळी शाळेत नेते आणि परत आणते.